सकाळपर्यंत काही उरू नये

धारूरच्या बाजारात बकरं विकायला आलेला माणूस शमुवेलबापूंना पाहिलं की तोंड फिरवतो. बापू येणार, बकऱ्याचा जबडा उघडणार, पापणी ओढणार, चारही खूर उचलणार आणि चष्मा पुसत म्हणणार, "खोट हाय." मग पुढच्या बकऱ्याकडे. विकत काही घ्यायचं नाही. जन्म जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून गेलेला, त्यामुळे खोट खरीच असते आणि उभं गिऱ्हाईक काढता पाय घेतं.

मी त्यांचा शेजारी आणि शाळामास्तर, म्हणजे विचारलं नसतानाही बोलणारा. एकदा अक्कल पाजळली, "बापू, नवसाचं बकरं शोधताय काय?"

त्यांनी बकऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. बायबलात लेवीयाचं पुस्तक आहे म्हणाले. इस्राएली लोकांनी देवापुढं काय आणावं ते त्यात लिहिलंय. जनावर आणायचं तर बिनखोटीचं. "आता ते लागत न्हाई मास्तर. येशूनं एकदाच सोताचा बळी दिला, समद्यांसाठी. म्या नुसतं बघतो, बिनखोटीचं कायतरी हाय का जगात."

"सापडलं?"

"न्हाई. जांभई देताना तुमचा बी जबडा बघितलाय."

तेव्हापासून मी त्यांना खोदखोदून विचारायला लागलो. होमार्पण सगळंच्या सगळं जाळायचं, आपल्याला काही ठेवायचं नाही. ते लई अवघड, म्हणायचे. अन्नार्पणाला मीठ हवंच, मध चालत नाही. का, तर देवापुढं नुसतं गोड बोलून भागत नसतं. हा अर्थ बापूंचा स्वतःचा. पण त्यांचं लाडकं म्हणजे आभाराचं शांत्यर्पण, देवाचे आभार मानून आपणही खायचं ते. ते आजही करतात, आपल्या परीनं. मुलाचा पुण्याहून फोन आला की मटण शिजतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटा जीव, पातेलं मात्र पंगतीचं. दुपारी गल्लीभर डबे फिरतात आणि सोबत ताकीद, "आजच खा. डबा दिवेलागणीच्या आत परत."

म्हातारा डब्यांना फार जपतो, असं सगळी गल्ली म्हणायची. मीही.

गेल्या महिन्यात फार दिवसांनी मुलाचा फोन आला आणि डबे फिरले. माझी बायको माहेरी, मांजरसुंब्याला गेलेली. मी अर्धं मटण खाल्लं, अर्धं फ्रिजमध्ये ठेवलं आणि ताणून दिली. सकाळी बापू फाटकात हजर. मी शहाण्यासारखं सांगितलं, "अर्धं ठेवलंय बापू. आजची सोय झाली."

"कावून ठिवलं?" म्हणत ते पायरीवरच बसले. मग म्हणाले, "आभाराचं सकाळपतूर ठिवायचं न्हाई, असा नेम हाय. एका मानसाला आख्खं जनावर एका दिसात संपतं का मास्तर? देवाला ठाव होतं. मंग लोकं बोलवावीच लागत्यात." चष्मा पुसला. "काल समदी गल्ली संध्याकाळी वरातीत. डबा घिऊन कुनीच आलं न्हाई. दारात खुर्ची टाकून बसलतो."

आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. चमचाभर काहीतरी घालून माणूस जातो, पाच मिनिटं टेकतो, दोन शब्द बोलतो. हे मी वर्गात पोरांना संस्कार म्हणून शिकवलेलं. बापूंचा जीव डब्यात नव्हता, एवढं मात्र मला कळलं नव्हतं.

त्याच दिवशी उजेड असताना मी आयुष्यातलं पहिलं पिठलं केलं, डब्यात भरलं आणि त्यांच्या दारात गेलो. बापूंनी डबा घेतला, उघडला, माझ्याकडे बघितलं आणि आतून दोन ताटं आणली. भाकरी त्यांची, पिठलं माझं. पहिल्याच घासाला थांबले.

"मास्तर, मीठ?"

मी विसरलो होतो. अन्नार्पण, मीठ, सगळं तोंडपाठ असलेला मी.

बापू उठले, मिठाची बरणी आणली, आधी माझ्या ताटात चिमूट टाकली. मग चष्मा पुसून बाजारातल्यासारखं मला न्याहाळलं.

"खोट हाय," म्हणाले आणि पुढची भाकरी माझ्याच ताटात टाकली. "जेवा सावकाश. उद्याला ठिवायचं न्हाई."