तळघरातले चाळीस पाव

लुबोर सरांचा मेल आला तेव्हा बोगुमिवाबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. म्हणून तो त्यांच्या विद्यार्थिनीने, ओतिलियाने, वाचून दाखवला. बोगुमिवाबाई नदीच्या अलीकडे, पोलिश गावातल्या बेकरीच्या शाळेत शिकवत. लुबोर सर पलीकडे, चेक गावातल्या स्वयंपाकाच्या शाळेत. युरोपच्या पैशातून दोन्ही शाळांना तीन वर्षांचा जोडप्रकल्प मिळाला होता. शुक्रवारी तो संपत होता आणि ब्रसेल्सहून तपासणीला एक बाई येणार होत्या.

"चाळीस पाव आणा म्हणतायत," ओतिलिया म्हणाली आणि अडखळली. "बाई, 'चेर्स्तवी' आणा म्हणतायत. शिळे!"

"नीट वाच गं."

"दोनदा लिहिलंय. 'अगदी शिळेच, विनंती.'"

बाई हात न धुताच मुख्याध्यापक लुत्सियान सरांकडे गेल्या. सरांनी प्रकल्पातून दुभाष्याचा खर्च पहिल्याच वर्षी काढून टाकला होता. 'पोलिश आणि चेक म्हणजे सख्ख्या बहिणी, बहिणींमध्ये दुभाषा कशाला?' असं म्हणून त्यांनी त्या पैशात पीठ मळायचं यंत्र आणलं होतं.

"अहो, चेक लोक शिळ्या पावाचे उकडलेले गोळे करून खातात," ते म्हणाले. "त्यांना शिळाच लागतो."

"एकतीस वर्षं मी लोकांना ताजा पाव देतेय, सर."

"मग चार दिवस नका देऊ! शेरा वाईट पडला तर बेकरीचा वर्ग बंद होणार. नऊ पोरं उरलीत, बाई."

बाईंनी सोमवारी पाव भाजले. पण त्यांच्या हातचा काळा पाव आठवडाभर मऊ राहायचा, आणि पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते त्यामुळेच. मंगळवारी ओतिलियाने एक दाबून पाहिला, तर तो गादीसारखा पुन्हा वर आला. मग पावांना चिरा पाडल्या. खिडक्या उघडून ऑक्टोबरचा वारा आत घेतला. तेवढ्यानं भागेना म्हणून प्रत्येक वर्गातल्या हीटरवर पाव मांडले. प्रकल्पाचा नियम असा की, जे जे कराल त्याचा फोटो हवा आणि खाली सह्या हव्यात. त्यामुळे फाइलीत नोंद झाली: 'उपक्रम चौदावा. पाव शिळा करणे. उपस्थिती नऊ.' सही करताना बाईंनी तोंड फिरवलं.

शुक्रवारी हातगाडी पुलावरून निघाली, तेव्हा पाव ओंडक्यांसारखे एकमेकांवर आपटत होते. फाटकात लुबोर सर उभे होते. अंगात नवा कोट, गालावर कोळशाचा पट्टा.

"या, बाई, या! सगळं तयार आहे," म्हणत त्यांनी सगळ्यांना अंधाऱ्या पायऱ्यांवरून खाली नेलं.

"पाव मांडायचे ते दुकान कुठंय?" बाई थबकल्या.

"कसलं दुकान? तुमच्या सरांनीच लिहिलं, मांडणी 'स्क्लेप'मध्ये करा म्हणून. तीन दिवस बटाटे उपसतोय आम्ही!"

"अहो, स्क्लेप म्हणजे दुकान!"

"स्क्लेप म्हणजे तळघर!"

एव्हाना मुलांनी गाडीतले पाव खाली आणून फळ्यांवर रचले होते. लुबोर सरांनी त्यातला एक उचलला, टकटक करून पाहिला आणि हळूच विचारलं, "हे काय आणलंत?"

"तुम्ही मागवलेत ते. चेर्स्तवी. शिळे."

"बाई, आमच्या चेकमध्ये चेर्स्तवी म्हणजे ताजे!"

तीन वर्षं दोघं आपापल्या भाषेत बोलत आले होते आणि समोरच्याला सगळं कळतंय असं धरून चालत आले होते.

"म्हणजे गेल्या वर्षी तुम्ही चारचौघांत माझ्या पावाला चेर्स्तवी म्हणालात..."

"कौतुक केलं होतं हो!"

"मी आठ महिने तुमच्याशी बोलले नाही!"

"मला वाटलं, दाढ दुखतेय."

तेवढ्यात पायऱ्यांवर टाचा वाजल्या. नगराध्यक्षांचा हात धरून ब्रसेल्सच्या तपासनीस फिलोमेनाबाई खाली उतरत होत्या. त्या मूळच्या पोर्तुगालच्या, त्यांना ना पोलिश येत होतं, ना चेक. समोर पाहतात तर काय, कंदिलासारखा मिणमिणता दिवा, फळ्यांवर ओळीने रचलेले दगडासारखे पाव, आणि भिंतीला पाठ लावून उभी नऊ घाबरलेली मुलं.

"मी खरं काय ते सांगून टाकते," बोगुमिवाबाई म्हणाल्या.

"आणि वर्ग?" लुबोर सरांनी विचारलं.

"खोट्यावर चालणारा वर्ग मला नको. तुम्ही फक्त इंग्रजीत सांगा."

लुबोर सरांचं इंग्रजी बेताचं. त्यांनी शक्य तेवढं खरं सांगितलं: पाव जुना आहे, मुद्दाम जुना केलाय, आणि जमिनीखाली मुद्दाम आणलाय.

फिलोमेनाबाईंचे डोळे चमकले. त्या वर्षी ब्रसेल्सची सगळी कार्यालयं लोकांना एकच सांगत होती, की संकट आलं तर म्हणून घरात तीन दिवसांचं अन्न साठवून ठेवा. त्यांनी काहीतरी उत्सुकतेनं विचारलं.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, हे संकटासाठी आहे का."

"संकटच आहे म्हणावं! याहून मोठं काय असतं?"

"येस," लुबोर सर म्हणाले.

मग फिलोमेनाबाईंनी फाइल मागितली. चौदाव्या उपक्रमापाशी त्या बराच वेळ थांबल्या, हीटरवरच्या पावांचे फोटो त्यांनी दोनदा पाहिले. तोवर लुबोर सरांच्या विद्यार्थ्यांनी पाव करवतीनं कापून लसणाच्या सुपात टाकला होता. फिलोमेनाबाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली, आणि नगराध्यक्षांनी तीनदा वाढून घेतलं.

जानेवारीत पत्र आलं. प्रकल्पाला आणखी तीन वर्षं मंजूर, विषय 'संकटकाळचा पाव', आणि मार्गदर्शक म्हणून बोगुमिवाबाईंच्या नावाची खास शिफारस. बाईंनी लुत्सियान सरांना खुलासा पाठवायला सांगितलं. सरांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली खिशात घातली. वर्तमानपत्रात बाईंचा फोटो छापून आला आणि सप्टेंबरात बेकरीच्या वर्गात सव्वीस मुलं बसली.

पहिल्याच दिवशी एक आई मुलीला घेऊन दाराशी घुटमळत होती.

"बाई, एक विचारू? ताजा पावही शिकवता ना इथं?"

बोगुमिवाबाईंनी भिंतीवरचं नवं वेळापत्रक पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि एक सुस्कारा सोडला.

"शिकवतो ना," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षाला."