फाटकात अडलेला ट्रक

पाहुणे "निघतो आता" म्हणून उठले आणि नेमका सोपानरावांचा ट्रक सुरू होईना.

पिंपळीच्या सोपानरावांकडे वृषालीला बघायला इंदापूरची मंडळी आली होती. मुलगा संदेश, त्याचे वडील हिंदुराव आणि आई मुक्ताबाई. त्यांची गाडी अंगणात घेतली आणि उसाच्या ट्रॉल्यांना रस्ता मोकळा असावा म्हणून सोपानरावांनी आपला जुना ट्रक फाटकाच्या तोंडातच आणून लावला. पोहे झाले, चहा झाला. आजवर आलेल्या सगळ्या स्थळांना वृषालीनं नाक मुरडलं होतं. या पोराकडं मात्र तिनं चक्क मान वर करून बघितलं. त्या एका बघण्यावर सोपानरावांचा जीव टांगणीला लागला होता. काही झालं तरी हे जमायला हवं होतं.

आणि अशा वेळी ट्रकनं दगा द्यावा! सेल्फ मारला की इंजिन नुसतं गरगरायचं, पेट काही घ्यायचं नाही.

"हवा धरली आसंल," हिंदुराव म्हणाले.

"डिझेल तरी हाय का बगा," मुक्ताबाई म्हणाल्या.

समोरच्या पंक्चरच्या दुकानातून फिरोज पाना घेऊन पळत आला. "आप्पा, फिल्टर चोक हाय. माज्यावर सोडा!"

त्यानं फिल्टर उघडला, पुसला, फुंकला, पुन्हा बसवला. मग हवा काढली. मग बॅटरीची टोकं घासली. बॅटरीला काही झालं नव्हतं, पण फिरोजचा हात एकदा चालू झाला की आवरत नाही. संदेश इस्त्रीच्या शर्टासकट ट्रकखाली शिरला आणि गालभर काळं तेल फासून बाहेर आला. खिडकीत वृषाली ओढणी तोंडाला लावून हसली. सोपानरावांनी ते पाहिलं आणि त्या काळ्या तेलाला मनोमन हात जोडले.

हिंदुराव मात्र सारखे घड्याळ बघत होते. "जरा उरका की. जेवायच्या आत सुप्याला पोचायचंय."

"सुप्याला कोन हाय?"

हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. मुक्ताबाईंना असलं काही जमत नसे. त्या सरळ म्हणाल्या, "आवो, तिथली बी येक पोरगी बगायची हाय. या अंगाला आलोच हाय, तर येकाच फेरीत दोनी उरकत्यात!"

सोपानरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मघापासून आपण घाम गाळतोय तो यांना दुसऱ्या पोरीच्या दारात पोचवायला! तोंडानं "व्हय व्हय, बगावीच की" म्हणत ते केबिनमध्ये चढले आणि रागानं स्टिअरिंगवर हात आपटला. तेवढ्यात त्यांना ते दिसलं.

त्या जुन्या ट्रकचं इंजिन चावीनं बंद होत नसे. त्यासाठी स्टिअरिंगखाली एक खटका होता. तो बाहेर ओढलेला राहिला की इंजिनाला डिझेलच मिळत नाही. आणि त्या खटक्याला ताजी लिंबू-मिरची बांधली होती. गाठ चांगली आवळलेली, खटका पार बाहेर.

त्यांनी बायकोला जवळ बोलावलं. "प्रयागे, ह्ये कुनी बांधलं?"

"मीच. त्या पाव्हणीबाई आल्या आल्या म्हनल्या न्हाय का, केवढा ट्रक ह्यो! नजर लागती आशी. बांधताना ते बोंडूक जरा भाईर आलं, पन तुटलं न्हाय हं."

"तुला आता साष्टांग दंडवत घालू का?"

"नगा. पाव्हणं बगत्यात."

सोपानरावांनी खटका आत ढकलायला बोट लावलं आणि तसंच मागं घेतलं. मग चेहरा पाडून खाली उतरले. "पाव्हणं, मोठं काम निगालं. इंजिनच खोलावं लागतंय. आता जेवूनच जावा." फिरोज आ वासून बघत राहिला. प्रयागबाई कणीक मळायला पळाल्या.

पण वृषाली लहानपणापासून या केबिनमध्ये वाढलेली. ती तरातरा बाहेर आली, वर चढली, खटका आत ढकलला आणि सेल्फ मारला. ट्रक धडधडला. तिनं तो झोकात मागं घेतला आणि फाटक मोकळं केलं.

"आगं, काय केलंस ह्ये!" सोपानराव कळवळले.

"जाऊ द्या की आप्पा. आडवून ठिवलेला नवरा मला नगं!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की अंगणात सगळ्यांनी ऐकलं.

झालं! पोरीनं आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. हिंदुराव आणि मुक्ताबाई लगबगीनं गाडीत बसले. संदेशनं चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. हूं की चूं नाही.

"आता हिला काय धाड भरली?" हिंदुराव ओरडले.

फिरोज पाना घेऊन धावला. सोपानराव त्याच्या आधी पोचले आणि खिडकीतून आत वाकले. या नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, एवढं त्यांना ठाऊक होतं. संदेशचा डावा पाय क्लचपासून चांगला वीतभर लांब, पार सीटखाली ओढून घेतलेला होता. दोघांची नजरानजर झाली. पोराचे कान लालबुंद झाले.

सोपानरावांनी फिरोजच्या हातातला पाना काढून घेतला.

"मामा," संदेश हळूच म्हणाला, "दुरुस्तीला किती येळ लागंल?"

"तुमी म्हनाल तेवढा, जावईबापू."