देवतळे यांची मरोई

मे महिन्यात नागपुरात कूलर माणसांसाठी लावतात. सक्करदऱ्यातील आमचे शेजारी देवतळे यांनी तो एका कुंडीसाठी लावला होता. कूलरचे तोंड कुंडीकडे. देवतळे बाजूला घामाने निथळत, वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले.

कुंडीत पाच-सहा चपट्या हिरव्या पाती होत्या. मी त्यांना गवत म्हणालो. चूक झाली.

"गवत काहून म्हणता, गुरुजी? मरोई हाय. मणिपूरची. कांदा नाही, लसूणही नाही. दोघांच्या मधली हाय."

देवतळे भूमापन खात्यातून निवृत्त झाले. कोणत्याही वस्तूची हद्द कायम केल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या मते ही पात वरणात, झुणक्यात, तर्रीवर, सर्दीत आणि रक्तदाबात सारखीच चालते. यांपैकी एकही उपयोग त्यांनी स्वतः करून पाहिला नव्हता, कारण कुंडीला हात लावण्याची त्यांनी सर्वांना, स्वतःलाही, मनाई केली होती.

माझ्या पत्नीने चातुर्मासात कांदा-लसूण सोडल्याचे कळताच ते घरी आले.

"वहिनी, तिकडं देवाच्या पंगतीत कांदा-लसूण चालत नाही, पण मरोई चालते. तुमी बिनधास्त खा."

"वास तर लसणाचा येतो, भाऊजी."

"वासावरून हद्द ठरत नसते!"

"बरं, मग आणा थोडी."

"सध्या तोडता येत नाही," असे पुटपुटून देवतळे निघून गेले.

कारण मला ठाऊक होते. त्यांचा मुलगा नोकरीसाठी इम्फाळला गेला आणि तिथल्याच मेमचा नावाच्या मुलीशी त्याने लग्न केले. देवतळे रुसले, लग्नाला गेले नाहीत. सुनेने मात्र ओल्या कापडात गुंडाळून मरोईची रोपे धाडली. देवतळे यांनी ती परसात लावली. ती जोमाने वाढली. इथे पिढीजात ज्ञान आडवे आले. देवतळे पारशिवनीकडचे, घरी कांद्याची शेती. कांदा काढणीला आला की पाणी तोडायचे आणि पातीच्या माना मोडायच्या, हे त्यांना उपजत माहीत. त्यांनी पाणी तोडले, माना मोडल्या, पंधरा दिवसांनी खणले. खाली मुळांखेरीज काही नव्हते. मरोईची पातच खातात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनीही विचारले नव्हते.

एक झुबका वाचला, तो कुंडीत आला. फोनवर मात्र ते सुनेला सांगत, "परसभर पसरली हाय."

आणि श्रावणात सून प्रथमच घरी येणार होती. मुलाला सुटी नव्हती, ती एकटीच.

"लग्नात तोंड दाखवलं नाही, गुरुजी," ते मला म्हणाले. "आता तिले दाखवू काय?"

ती आली त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. पंचनाम्याला पंच लागतो, तसे. मेमचाने वाकून नमस्कार केला आणि मागचे दार उघडून परसाकडे पाहिले.

"बाबा, मरोई किधर है?"

देवतळे यांनी कुंडी दाखवली. "बाकीच्यांच्या मी माना मोडल्या. कांदा समजलो. फोनवर खोटं बोलून राहिलो होतो, पोरी."

तिने शांतपणे ऐकले, कात्री मागितली आणि कुंडीतली सगळी पात मातीलगत कापली. देवतळे यांनी डोळे मिटले.

"काटने से ही बढ़ती है, बाबा," ती म्हणाली.

उकडलेले बटाटे हिरव्या मिरचीबरोबर कुस्करून तिने वर ती पात पेरली. देवतळे दोनदा मागून जेवले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "तुझ्या बाबाले फोन लाव."

फोन लागताच ते खुर्चीवरून उठले.

"नमस्कार. मैं देवतळे, नागपूर से. शादी में मैं नहीं आया था. गलती हुई."

पलीकडचे गृहस्थ बराच वेळ बोलत होते. देवतळे उभेच होते.