पाचव्या घरातली खोट

बहरीनमध्ये आम्ही चार वर्षं एका घरात काढली, पण सर्जेराव निकमांनी मला एकदाही बोट दाखवलं नाही. मलाच काय, कुणालाच नाही. सनाबिसची बस कुठून सुटते असं विचारलं, तर हे गृहस्थ जागच्या जागी सबंध वळायचे, छाती त्या दिशेला करायचे आणि म्हणायचे, "माझ्या नाकासमोर जावा."

बोट म्हणजे बंदुकीची नळीच, असं त्यांचं मत. आणि नळी माणसाकडं करायची नसते. जेवताना डावाचा दांडा माझ्याकडं वळला, तरी ते हळूच तो भिंतीकडं फिरवायचे.

निकम कोरेगावकडचे. वीस वर्षं लष्करात आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. पेन्शन घेऊन आखातात आले ते आमच्या कंपनीत पाण्याचे पंप दुरुस्त करायला. मी ड्राफ्ट्समन. कंपनीनं उम्म अल हस्सममध्ये दिलेल्या दोन खोल्यांत आमची जोडी जमली.

"बघितल्याबिगर रिकामं म्हनायचं न्हाई," हे त्यांचं ब्रीद. माझा स्टेपलर हातात घेतला, तरी आधी उघडून आत डोकावणार. मी म्हणायचो, चहा संपला. ते किटलीचं झाकण काढायचे, उजेडाकडं धरायचे आणि मला दाखवायचे. "आपटे सायेब, कपभर हाय की!" या शिस्तीपायी मी चार वर्षांत पुष्कळ जास्तीचा चहा प्यालो. तक्रार कसली करणार?

आमचे मॅनेजर हार्पर साहेब नेमबाजीच्या क्लबाचे मेंबर. शहराबाहेर रेताड माळावर चार पत्र्याच्या शेड आणि पलीकडं मातीचा उंच बांध, एवढाच तो क्लब. शुक्रवारी साहेब निकमांना बंदुका साफ करायला तिथं न्यायचे. गाडीत जागा असली की मीही जायचो. सुट्टीच्या सकाळी कपडे धुण्यापेक्षा ते बरं.

एका शुक्रवारी हार्पर साहेब लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखे खुशीत होते. रीतसर परवाना काढून त्यांनी नवंकोरं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. क्लबाच्या कुलूपबंद कपाटातून ती पेटी बाहेर आली, मखमलीचं झाकण उघडलं आणि जमलेले पाच-सहा गोरे साहेब एकदम "आहा" म्हणाले. चांदीसारखं लखलखीत होतं ते. साहेबांनी ते निकमांच्या हातात दिलं. "पुसून दे, निकम. आज मुहूर्त."

निकमांनी गोळ्या भरायचं चक्र उघडलं. सहाही घरं रिकामी. साहेबांना दाखवलं, मला दाखवलं, शेडमध्ये बसलेल्या मांजरालाही दाखवलं असावं. मग वंगण पुसलं, चक्र बंद केलं आणि रिव्हॉल्व्हर कानाशी नेऊन एकेक घर सावकाश फिरवू लागले. टक. टक. टक. टक. मग थांबले. पुन्हा पहिल्यापासून.

"सर," ते म्हणाले, "नंबर फाईव्ह नो गुड."

साहेब हसले. "निकम, ते आजच पेटीतून निघालंय."

"पेटी गुड सर. कंपनी गुड. नंबर फाईव्ह नो गुड. फुल स्टॉप होत नाही."

बाकीचे साहेबही हसले. एकानं तर निकमांच्या कानाची तपासणी करून घ्यायचा सल्ला दिला. हार्पर साहेबांच्या मानेवर लाली चढायला लागली. त्यांनी हात पुढं केला. निकमांनी रिव्हॉल्व्हर मेजावर ठेवलं, नळी बांधाकडं केली आणि स्वतः मेज आणि साहेब यांच्या मधे उभे राहिले. अटेन्शनमध्ये.

"बाजूला हो, निकम."

"नो, सर."

आमचे व्हिसा हार्पर साहेबांच्या सहीवर चालायचे. मी निकमांच्या शेजारी सरकून मराठीत कुजबुजलो, "अहो, द्या ना ते. खलास होईल सगळं. उद्याच्या विमानात बसवतील तुम्हाला."

"बसवू द्या," निकम समोर बघतच म्हणाले. "व्हिसा दुसरा मिळंल. सायबाचा डोळा दुसरा मिळंल का?"

मग त्यांनी खिशातून पितळेचा एक बारीक गज काढला. तो त्यांनी वर्कशॉपच्या लेथवर स्वतः कातलेला होता. "सर, वन मिनिट. मग मला पाठवा."

चक्र पुन्हा उघडून रिकामं असल्याचं दाखवलं. बंद केलं. पहिलं घर नळीसमोर आणलं आणि नळीच्या तोंडाकडून गज आत सोडला. गज सुर्रकन घरात उतरला. दुसरं घर, तसंच. तिसरं, चौथं, तसंच. पाचव्याला गज नळीतून गेला आणि घराच्या तोंडाशीच अडला. घर केसभर बाजूला राहत होतं. गोळी निम्मी नळीत आणि निम्मी कडेवर आपटली असती, आणि शिशाच्या कपच्या उडाल्या असत्या त्या शेजाऱ्याच्या तोंडावर.

हार्पर साहेबांनी गज स्वतः घेतला. तीनदा सोडून पाहिला. तीनदा अडला. कानाच्या तपासणीचा सल्ला देणारे साहेब नेमके उजव्या बाजूला उभे होते, ते दोन पावलं मागं गेले.

हार्पर साहेबांनी रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं आणि टोपी काढली. "थँक यू, निकम," एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर मात्र निकमांना पुढच्या सीटवर बसवलं. मी मागं, रिकाम्या शीतपेटीशेजारी.

दोन महिन्यांनी रिव्हॉल्व्हर दुरुस्त होऊन आलं. गज सहा वेळा सुर्रकन उतरला. साहेब म्हणाले, "पहिल्या सहा गोळ्या निकमच्या."

निकमांनी सगळ्यांना दोरीच्या मागं नेलं. मोजलं. पुन्हा मोजलं. मग उभे राहिले, श्वास सोडला आणि सावकाश सहा बार काढले. निशाण्याचा कागद आणला तेव्हा सहाही भोकं एका बशीत मावतील एवढी जवळ होती. टाळ्या झाल्या. निकमांचं टाळ्यांकडं लक्षच नव्हतं. "सर, हा पेपर मी घेऊ?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

घरी आल्यावर त्यांनी तो कागद इस्त्रीखाली घालावा तसा गादीखाली सपाट केला आणि पाकिटावर गावचा पत्ता घालायला बसले.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"मंडळींना."

"वहिनींना नेमबाजीची आवड आहे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हिकडं यायच्या आधी मला टायफॉइड झाला हुता, सायेब. हात लई कापायचे. निघायच्या दिशी तिच्या म्होरंच पान्याचा तांब्या सुटला हातातनं. ती बोलली काय न्हाई. पुसून घेतलं नुसतं."

"मग पत्रात लिहा की, आता बरा आहे म्हणून."

"ते लिवतुयाच. पर 'मी खुशाल हाय' कुनीबी लिवतंय. आजारी मानूस तर पयलं तेच लिवतंय." त्यांनी भोकांवरून अंगठा फिरवला. "आन् तिला वाचता येत न्हाई. शाळंतलं मास्तर समद्या घरादारात मोठ्यानं वाचत्यात. ह्ये तिचं तिला बघता ईल."

महिन्याभरानं उत्तर आलं, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. निकमांनी ते मलाच वाचायला दिलं. पाऊसपाणी, म्हशीचं रेडकू, पुतण्याचं लग्न. मग लिहिलं होतं: 'आपण पाठविलेला कागद वाटेत उंदरांनी कुरतडला असावा. त्यास सहा भोके पडली आहेत. त्यात मजकूर काहीच नव्हता, तरी पोस्टात तक्रार करावी.' मी हसून हसून बेजार झालो. निकमही हसले.

पानाच्या शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखी, आणखी एक ओळ होती. 'सदर कागद सौ. वहिनींनी आपल्याजवळ ठेवला आहे, मागूनही देत नाहीत.'

निकम हसायचे थांबले. "आपटे सायेब," ते म्हणाले, "ती वळ पुन्यांदा वाचा जरा."