वजिरावर बसलेली साळू

एका जंगलात, मुलांनो, एकच नियम होता. तसे बाकीचेही होते, पण ते कुणी पाळत नसे. हा मात्र सगळे पाळत. मोठ्यांनी चाल परत घेतली, तर "का?" म्हणून विचारायचं नाही.

या जंगलात सगळे बुद्धिबळ खेळत. जांभळाखालच्या सपाट खडकावर पट आखलेला होता. सोंगट्या बियांच्या. वजीर म्हणजे एक टपोरा हिरडा.

साळू ही साळिंदराची पोर. अगदी लहानपणी खेळायला शिकली. भालूअण्णा हे अस्वल म्हणजे जंगलाचे कायमचे विजेते. साळूनं पहिल्याच दिवशी त्यांचा वजीर मारला.

"अगं, मी अजून विचारच करत होतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हिरडा पुन्हा पटावर ठेवला.

"का?" साळूनं विचारलं.

जंगल दचकलं. एक माकड फांदीवरून पडलं. साळूची आई धावत आली. "अण्णा, लहान आहे हो ती!"

अण्णांनी मोठ्या मनानं साळूची पाठ थोपटली. तेव्हा तिचे काटे मऊ होते.

त्यानंतर साळू रोज जिंकायची आणि रोज हरायची. अण्णांचा वजीर मरायचा, उठायचा. हत्ती मरायचा, उठायचा. एकदा तर मेलेलं प्यादं घोडा होऊन उठलं. पंच होते कासवतात्या. ते डोकं कवचात घालून निकाल द्यायचे, "अनुभव जिंकला!"

दर हिवाळ्यात विजेता नदीपलीकडच्या जंगलात स्पर्धेला जाई. अण्णाच जात. पहिल्या डावात हरून परत येत. "तिकडचं पाणी बाधलं," म्हणत. तिकडे चाल परत मिळत नाही, हे कुणी बोलत नसे.

साळू मोठी झाली. तिला एकदा तरी नदी ओलांडायची होती. यंदा शेवटची संधी होती, कारण पुढच्या वर्षापासून न खेळताच अण्णांना पाठवायचं ठरलं होतं. सन्मान म्हणून.

अंतिम डावात साळूच्या घोड्यानं अण्णांचा वजीर मारला.

"थांब गं. चुकून हात लागला माझा."

"नियम आहे, बाळ," तात्या म्हणाले. "दे तो हिरडा."

"देऊन टाक गं," आई कुजबुजली. "मोठे आहेत ते."

 साळूनं हिरडा पटाबाहेर खडकावर ठेवला आणि त्याच्यावर बसली. मग सगळे काटे उभे केले.

अण्णांनी पंजा पुढे केला. मागे घेतला.

"तात्या, तुम्ही काढा."

"माझी मान आखूड आहे."

"माकडा, तू?"

या वेळी माकड स्वतःहून फांदीवरून पडलं.

"अण्णा," साळू अदबीनं म्हणाली, "तुमची चाल."

अण्णांनी पटाकडे पाहिलं. तात्यांनी अण्णांकडे पाहिलं. मग तात्यांनी डोकं कवचात घातलं, पण आतून काहीच ऐकू आलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांना उलट बोलू नये. काटे वाढेपर्यंत थांबावं. मग बोलावंच लागत नाही.