तारीख काकाजी अन् त्याइच्या दोन मशीना

घुंगरू नव्हतं!

आरोहीच्या डाव्या पायातल्या वाळ्याले तीन घुंगरं असतात. तीनच असतात, माह्या आईनं बारशाले आनले तवा मीच मोजले होते. अन् आता दोन. पोट्टी गोधडीवर बसून तोंड हालवून राह्यली होती, काहीतरी चावल्यासारखं. मी तिच्या तोंडात बोट घातलं. काही नाई. पुन्हा घातलं तं तिनं मलेच चावलं. दोनच दात हायेत, पन कसे लागतात! अन् वरून हसली. ते हसनं पाहून मले अजून भेव वाटलं. गिळून झालं असन म्हनूनच हसून राह्यली असन नं, तोंड मोकळं झालं म्हनून?

घरात कोनी नाई. सोयाबीनचा हंगाम, आमचे हे थ्रेशरवर किन्हीराजा गावाले गेलेले. त्या थ्रेशरच्या आवाजात मानसाले स्वतःचं नाव आयकू येत नाई तं फोन काय आयकू येईन! मी आरोहीले काखेत मारलं अन् आंगनात येऊन ओरडली, "काकाजीऽऽ! आरूनं घुंगरू गिळलं वं माय!"

भिंतीपलीकडून एकदम थंडा आवाज आला. "गिळलं का हारपलं? पयले ते ठरव."

"ते मले मालूम असतं तं मी ओरडली कायले असती!"

पाच मिनिटात देवराव काकाजी फाटकातून आत आले. एका हातात लाल मशीनचा पाइप, दुसऱ्या हातात निळ्या मशीनचा, अन् मांगून दोन्ही मशीना चाकावर गुडगुड करत. जशा बाजारातून दोन बकऱ्या ओढून आनल्या. कचरा ओढायच्या मशीना हो, व्हॅक्यूम क्लीनर. डब्ब्यासारखं आंग, खाली चाकं, अन् हत्तीसारखी लांब सोंड.

"ऑटोवाल्याले फोन केला म्या," काकाजी म्हने. "रिसोडले नेऊ, पोटाचा फोटो काढू. त्याले पोचाले अर्धा घंटा हाये. पोट्टीले खोकला हाये का? श्वास बरोबर हाये? मंग बस खाली. तवरोक घर ओढून काढू. पयले कोनती लावू? लाल का निळी?"

"कोनतीबी लावा नं बाप्पा!"

"कोनतीबी कशी? दोघीले बरोबर संधी भेटली पाह्यजे."

माह्या लेकराच्या पोटात घुंगरू, अन् हा मानूस खिशातून नाणं काढून छापा-काटा करून राह्यला होता!

तुमाले वाटन हा मानूस येडा हाये. तसं नाई. काकाजी रिसोडच्या कोर्टात शिपाई होते. तीस वर्षं दारात उभं राहून लोकायच्या नावाचा पुकारा केला. रिटायर होऊन आमच्या रिठदले आले, पन कोर्ट काही आंगातून गेलं नाई. आमच्या याइनं इचारलं, काकाजी, यंदा तूर लावू का सोयाबीन? म्हने, "दोन्ही बाजू आयकल्याबिगर कसं सांगू? सोमवारची तारीख घे." पाऊस येऊन गेला, पेरनी झाली, सोमवार काही आला नाई. गावात त्याइले सारे तारीख काकाजीच म्हनतात. ते चिडत नाईत. "निकालानं मानूस एकच दिवस येते," म्हनतात, "तारखीनं दर महिन्याले येते."

काकी वारल्या अन् त्याच्या पुढच्या वर्सी ह्या मशीना आल्या. लाल मोठ्या पोरानं पाठवली, पुन्याच्या प्रकाशभाऊनं. निळी लहान्यानं, नागपूरच्या संजूभाऊनं. काकाजीच्या छातीले धूळ सहन होत नाई, अन् सोयाबीन निघालं का आमच्या गावात मानसं भुरे होतात, म्हनून. दोन्ही एकाच हप्त्यात आल्या. तवापासून काकाजीच्या घरी मुकदमा सुरू झाला. लाल इरुद्ध निळी.

त्याचं रजिस्टर हाये मोठं. दर बुधवारी फरशीवर एक वाटी कुटार, म्हंजे सोयाबीनचा भुसा, पसरतात, एक वाटी हळद, अन् न्हाव्याकडून आनलेले मूठभर केस. पयले लाल फिरवतात, मंग पुन्हा सारं पसरून निळी. मी आठवीपर्यंत शिकली, पन काकाजीच्या ओट्यावर बसून बसून मशीनीचं सारं शास्तर मले पाठ झालं. लालच्या पोटात थैली असते, कचरा तिच्यात जाते. फेकाले सोपी, धूळ नाकात येत नाई, पन तशी थैली रिसोडात भेटत नाई अन् वाशीमातबी भेटत नाई. कंपनीच्या थैल्या संपल्या तं काकाजीनं काकीच्या जुन्या लुगड्याची शिवून लावली. निळीले थैलीच नाई, काचेसारखा डब्बा हाये. कचरा गरगर फिरतानी दिसते, आरोहीले ते टीव्हीपेक्षा जास्त आवडते. पन डब्बा रिकामा करतानी अर्धी धूळ आपल्याच तोंडावर. लालचा वायर ओसरीपासून मोरीपर्यंत पुरते. निळीचा आखूड, पन खटका दाबला का आपोआप आत जाते. पयल्या दिवशी जातानी त्यानं काकाजीच्या नडगीवर असा फटका मारला का ते चार दिवस लंगडले. रजिस्टरात लिवलं, "निळी: स्वभाव तापट." लालचे चाकं मोठे, उंबरठा चढते. निळी उंबरठ्यावर उलथी पडते. लाल हळू गुरगुरते. निळी अशी किंचाळते का शेजारच्या गाईनं दोन डाव दावं तोडलं.

म्हंजे हिशोब बरोबरीत. उरला एकच मुद्दा, जास्त ओढते कोन? तो इचारला का काकाजी रजिस्टर बंद करून टाकत. "त्या मुद्द्यावर तारीख हाये." शाळेतल्या गुरुजीले एक मशीन घ्याची होती. आठ महिने ते दर बुधवारी आले, चहा पेऊन गेले. शेवटी त्याइनं दोन खराटे घेतले.

तं असा मानूस माह्या घरात छापा-काटा करून राह्यला होता. छापा पडला. लाल.

लाल मशीन खाटेखाली फिरवली, गोधडीवरून फिरवली, पेटीच्या मांगं फिरवली. सारवलेल्या कोपऱ्यात तं तिनं जमीनच उकरून काढली. मी आरोहीच्या पोटाले कान लावून बसली होती, वाजते का म्हनून. मंग काकाजीनं लुगड्याची थैली पेपरावर उलटी केली अन् माह्या पिठाच्या चाळणीनं चाळली. एक गुंडी निघाली, सोयाबीनचे दाने निघाले, काळा मनी निघाला, दोन पिना निघाल्या. घुंगरू नाई.

"नाई नं काकाजी!" माह्या डोळ्याले धार लागली.

"थांब वं. दुसऱ्या पक्षाचं आयकाचं हाये अजून."

निळी सुरू झाली. किंचाळली. त्याच गोधडीवरून गेली, जिथून लाल आताच गेली होती. गोधडीच्या शिवनीवर आली अन् टन्न! डब्ब्यात काहीतरी आपटलं. काकाजीनं बटन बंद केलं. आमी दोघं वाकलो. धुळीच्या मधात, काचेच्या मांगं, माह्या आईनं आनलेलं घुंगरू पडलं होतं. आरोहीनं टाळ्या वाजवल्या. मी तठीच फतकल मारून बसली अन् मोठ्यानं रडली. ऑटोवाला आला, त्याले पानी देलं, वापस पाठवला.

तेवढ्यात काकाजीचा फोन वाजला. आयतवार होता, धा वाजले होते, पुन्याहून प्रकाशभाऊचा. काकाजीचे हात कचऱ्यानं भरलेले, म्हनून मी उचलला. अन् आनंदाच्या भरात, कोनाले काय सांगून राह्यली ह्याची सुद नाई मले, एका दमात बोलली, "भाऊ, मी शेजारची, वाचली हो माही पोट्टी! घुंगरू गिळलं नव्हतं, गोधडीत होतं, निळ्या मशीननं काढलं!"

तिकून भाऊ म्हने, "त्याच गोधडीवरून लाल फिरवली होती का वयनी?"

"हाव नं! पयले लालच फिरवली!"

"तिले नाई भेटलं?"

"नाई नं! निळीनं एका झटक्यात..."

काकाजी समोर दोन्ही हात हालवून राह्यले होते. मले वाटलं, माशा हाकलून राह्यले.

"बरं," प्रकाशभाऊ म्हने. "बाबाले सांगा, संजूची मशीन भारी." अन् फोन कटला.

काकाजी हळूच खाटेवर बसले. हातातला कचरा तसाच.

"निकाल लावून देला तू सूनबाई," म्हने.

"मंग लागू द्या नं! कवाचा लटकून हाये."

"मले पयल्या महिन्यातच समजलं होतं का लाल कमी ओढते. म्हनून तं तारीख देत होतो." त्याइनं डोळे पुसले अन् तोंडाले सारी धूळ लागली. "तुही काकी गेली तवा हे दोघं भांडले. तिच्या दुखन्यात कोन किती डाव आलं, कोन नाई आलं. तेरवीच्या पंगतीतून उठून गेले, एक इकून, एक तिकून. तवापासून एकमेकाशी बोलत नाईत. अन् माह्याशी तरी काय बोलत? 'जेवले का?' 'हाव.' झाला फोन. मंग ह्या मशीना आल्या. आता दर आयतवारी दोघंबी अर्धा अर्धा घंटा बोलतात. पाइप कसा हाये, चाक कसं हाये. अन् शेवटी इचारतात, 'त्याची कशी चालते?' एकमेकाचं नाव काढाले हेच एक कारन उरलं हाये त्याइले."

मी चहा मांडला. चहात साखर टाकाले इसरली, त्याइनं तसाच पेला.

पुढच्या आयतवारी धा वाजता प्रकाशभाऊचा फोन आला नाई. काकाजी ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसलेले, दोन्ही मशीना बाजूले पुसून ठेवलेल्या. अकराले संजूभाऊचा आला, त्यानं इचारलं तं काकाजीनं घुंगराचं खरं ते सांगतलं. "जिंकलो नं बाबा?" म्हने, खूश झाला, अन् दोन मिनिटात ठेवला. जिंकल्यावर इचाराले काय राह्यते? बारा वाजेपर्यंत काकाजी तसेच बसून. बुधवारी कुटारबी नाई पसरलं. माह्यानं ते पाहवेना.

रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर दोघायचेबी नंबर लिवलेले हायेत. मी माह्या फोनवरून प्रकाशभाऊले लावला. पुन्यातल्या मानसाशी मी कवा बोलली नाई, त्या दिवशीचं बोलनं तं चुकून झालं.

"भाऊ, तो निकाल खरा नाई. तुमच्या मशीनले कंपनीची थैलीच नव्हती. लुगड्याची थैली लावून पळवल्यावर ती काय ओढन? तिच्यावर अन्याव झाला."

"लुगड्याची? कोनाच्या?"

"काकीच्या."

भाऊ म्हने, "मी नवी थैली पाठवतो. येत्या आयतवारी पुन्हा लावा, व्हिडिओवर, माह्या डोळ्यासमोर. अन् त्यालेबी घ्या त्याच फोनवर. नाई तं म्हनन मांगून फसवलं."

"त्यालेबी? एकाच फोनवर?"

"हाव. येऊ दे त्याले समोर."

काकाजीले सांगतलं तं ते उठूनच उभे राह्यले. आयतवारी सकाळीच दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले, ओसरी दोन डाव झाडली. ज्या ओसरीत मशीना लावाच्या, तीच झाडली! मोबाईल तांब्याले टेकवून ठेवला. कुटाराच्या दोन वाट्या काठोकाठ भरल्या. संजूभाऊबी तयार झाला होता, "पाहू नं त्याची नवी थैली" म्हनून. मी आरोहीले घेऊन मदतीले आली होती. फोनच्या आधी काकाजीनं एक डाव दोन्ही मशीना फिरवून पाह्यल्या. लालले नवी थैली लावून.

तरीबी निळीच जास्त ओढते. चांगलीच जास्त. दोन वर्सं जे लपवलं ते आता दोघायसमोर उघडं पडनार होतं.

काकाजी माह्याकडं न पाहता बोलले, "तीस वर्सं कोर्टात उभा राह्यलो सूनबाई. तारीख वाढवली असन, पन पुराव्याले कदी हात नाई लावला म्या."

"हाव काकाजी."

ते थोडा वेळ निळ्या मशीनकडं पाहत राह्यले. मंग म्हने, "मी टोपी घालून येतो. धा मिनिटं लागतीन."

अन् आत गेले, दार लोटून घेतलं. टोपी त्याइच्या डोक्यावरच होती.

ओसरीत मी, आरोही अन् दोन मशीना. निळीची हवा बाहीर जाची जाळी मांगून उघडते, एक खटका हाये फक्त; तठी काही कोंबलं का तिचं ओढनं कमी होते. कोनाड्यात काकाजीचा वातीचा कापूस होता, त्याचा बोळा कवा माह्या हातात आला मलेच नाई समजलं. बोळा मोठा झाला तं लाल जिंकते, मंग संजूभाऊ रुसन. लहान झाला तं निळी जिंकते, मंग प्रकाशभाऊ उठून जाईन, आता तं कायमचा. बरोबरीत सोडवाले केवढा बोळा लागते, हे कोनत्या शाळेत शिकवतात? अन् उघडं पडलं तं काकाजीची तीस वर्साची इज्जत गेली, माह्या पायी.

तांब्याले टेकवलेला फोन वाजाले लागला. आतून काकाजीचा आवाज आला, "उचल नोको लगेच. वाजू दे थोडा."

माह्या एका काखेत पोट्टी, एका हातात बोळा, समोर जाळी उघडी. तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं?