पांढऱ्या रश्श्यात लाल तिखट

आमच्या शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की चौथी कदम सर स्वतः वाजवतात. गळ्यातल्या शिट्टीने. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून ते निवृत्त झाले, पण शिट्टी काही उतरली नाही. चौथी वाजली की शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांतले गॅस बंद होतात, कारण निम्मी गल्ली त्यांच्याच हाताखालून गेलेली. मीही. आज बेचाळीस वर्षांची आहे, शाळेत कॉम्प्युटर शिकवते, तरी पलीकडून ‘विद्याऽऽ’ अशी हाक आली की माझे हात आपोआप पाठीमागे जातात.

सरांनी लग्न केलं नाही. स्वतःचं स्वतः रांधून खाता खाता हाताला चव आली. निवृत्तीनंतर दिवसभर गल्लीवर ओरडायला लागले, तेव्हा लोकांनी माझे पाय धरले, म्हणून मी त्यांना पाककृतींचा ब्लॉग काढून दिला. नाव त्यांनीच ठेवलं, ‘गप बसून शिजवा’.

‘कांदा बारीक चिरा. हे काय चिरलंय? परत चिरा.’ अशी सुरुवात. पांढऱ्या रश्श्याच्या कृतीत तर, ‘नारळाचं दूध घातल्यावर उकळी आणायची न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय. तरी आणणारच तुम्ही. फुटला की फोन करा,’ आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर. मी म्हटलं, सर, नंबर असा कुणी देतं का? तर म्हणाले, “चुकल्यावर पोरांनी जायचं कुठं मग?”

लोकांना ही बोलणी खाणं भलतंच आवडलं. पानाच्या कडेला जाहिराती लागल्या, दर महिन्याला पैसे येऊ लागले. सर त्याला ‘मानधन’ म्हणायचे आणि गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे.

आणि मग ते मानधन पाव हिश्श्यावर आलं.

सर सकाळी सकाळी माझ्या दारात. “विद्या, चोरी झालीय!” मी घाबरून बाहेर आले. त्यांनी मोबाइल नाकासमोर धरला. आता म्हणे काही शोधलं की त्याच पानावर, सगळ्यांच्या वर, यंत्राने तयार केलेलं उत्तर येतं. दहा जणांचं लिहिलेलं ढवळून केलेलं. लोक तेवढंच वाचतात आणि निघून जातात. ज्याचं ढापलं त्याच्या पानावर कोणी फिरकत नाही, मग जाहिरात बघणार कोण? मी वाचत गेले. सरांचीच कृती, त्यांच्याच क्रमाने, फक्त शिव्या काढून टाकलेल्या. आणि शेवटी एक ओळ भर घातलेली: ‘रंग येण्यासाठी चिमूटभर लाल तिखट घाला.’

“पांढऱ्या रश्श्यात!” सर ओरडले. “रंग येण्यासाठी! आरं, त्याला पांढरा का म्हणत्यात मग?”

माझंही डोकं फिरलं. चोरी करायची तर करा, पण निदान धड तरी करा. एका म्हाताऱ्या माणसाने घाम गाळून लिहिलेलं उचलायचं, त्याचं नाव पुसायचं आणि वर त्यात तिखट कालवायचं! तक्रार तरी कुठे करायची? तिथे माणूसच नाही. मी तीन वेळा फॉर्म भरला, तिन्ही वेळा ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. चौथ्यांदा मी जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग मी ब्लॉगला वाचक मिळवून देणारा राजारामपुरीतला एक तज्ज्ञ आणला. तो म्हणाला, “सर, भाषा जरा गोड करूया. ‘नमस्कार मैत्रिणींनो’ अशी सुरुवात करा.”

“कुणाच्या मैत्रिणी? अडुसष्ट वय हाय माझं!” सरांनी त्याला निरखून पाहिलं. “तू पाटलाचा न्हवं? धाव म्हटलं की पोट धरून बसणारा?” तज्ज्ञही त्यांचाच विद्यार्थी निघाला. दहा उठाबशा काढून गेला, फी न घेता.

शेवटी मीच पदर खोचला. त्या यंत्राच्या मागे लागण्यापेक्षा गावातल्याच जाहिराती घ्यायच्या ठरवल्या. मंगळवार पेठेतला चटणी कुटायचा डंक, एक भांड्यांचं दुकान, एक तेलाचा घाणा. मजकूर मात्र सरच लिहिणार. ‘ह्या डंकावर चटणी झकास कुटतात. पण मिरच्या देठासकट न्याल तर बोलणी खाल. देठं काय त्यांनी काढायची व्हय?’ डंकवाला खूश. लोक देठं काढून यायला लागले. पाच महिन्यांत उत्पन्न पहिल्याइतकं झालं.

मी पेढे घेऊन सरांकडे गेले. ते स्वयंपाकघरात होते. “ठेव तिथं,” म्हणाले. मान वर केली नाही.

आणि मी भडकले. आयुष्यात पहिल्यांदा मी कदम सरांवर ओरडले. “पाच महिने शाळा सांभाळून दुकानं पालथी घातली मी! पैसे आले की परत! आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

मला वाटलं होतं, उठाबशा काढायला लावतील. पण ते मागच्या दारी हात धुवायला गेले. तेव्हा मला शेगडीशेजारचं स्टूल दिसलं. त्यावर मोबाइल, चार्जरला लावलेला, आवाज पूर्ण मोठा. बाजूला शाळेतला असतो तसा लांबट हजेरीपट.

मी उघडला. डावीकडे नावं. सोनाली, पुणे, हॉस्टेल. इम्रान, इचलकरंजी, आई माहेरी. जोशीबाई, नाशिक, भाकरी फुगत नाही. वर रविवारच्या तारखा. फोन आला की ‘ह’, नाही आला की ‘गै’. पहिली पानं ‘ह’ने भरलेली. पुढे विरळ. गेल्या दोन महिन्यांत उभ्याच्या उभ्या रांगा, ‘गै’, ‘गै’, ‘गै’. सगळी मुलं गैरहजर, आणि तरी सर दर रविवारी नेमाने हजेरी मांडत होते.

बाहेरगावचे लोक पानावर येईनात, मग पानाखालचा नंबर तरी त्यांना कुठून दिसणार? मी पाच महिने नुसते पैसे बघत बसले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्या रविवारी मी अर्धा किलो मटण आणलं. पांढरा रस्सा केला, सरांच्या कृतीने, अगदी शिस्तीत. नारळाचं दूध घातलं आणि गॅस मोठा केला. खळाखळा उकळी आणली. रस्सा फुटला. मग मोबाइल घेतला. भिंतीपलीकडे रिंग पुरती वाजलीसुद्धा नाही.

“हॅलो! कोण? काय बिघडलं?”

“सर, मी विद्या. रस्सा फुटला.”

मग सर जे सुटले! पंधरा मिनिटं. माझी अक्कल, माझी शाळा, माझा गॅस, काही सोडलं नाही. फोनमधून आणि भिंतीतून, दोन्हीकडून ऐकू येत होतं. मी हात मागे बांधून उभी राहिले असते, पण एका हातात मोबाइल होता.

दमल्यावर ते थांबले. कागदावर पेन घासल्याचा आवाज आला.

“विद्या,” सर हळू आवाजात म्हणाले, “मटण महाग झालंय. पुढच्या रविवारी मुद्दाम नासवू नको. तसाच कर फोन.”